अनावश्यक तपासणीची किंमत कोण मोजतो?

चिखली तालुक्यात सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रीची कंबर दुखू लागली आणि तिच्या हाती एमआरआयची चिठ्ठी पडली, तर तिला कित्येक दिवसांची मजुरी त्यापायी घालवावी लागते. ही तपासणी खरोखर आवश्यक होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः त्याचे उत्तर उपलब्ध आहे. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने सहा चाचण्यांतील १८०४ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर आजाराची लक्षणे नसलेल्या कंबरदुखीत सुरुवातीलाच एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय काढल्याने रुग्णाचा लाभ होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुरावा आहे, व्यवहार मात्र बदलत नाही.

याचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे सोयीचे आहे. तपासण्यांच्या संख्येवर ज्या केंद्राच्या कर्जाचे हप्ते फिटतात, त्याला कमी तपासण्या परवडत नाहीत. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेण्यास वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंदी घातली. महाराष्ट्रात कटप्रथेविरुद्ध २०१७ साली विधेयकाचा मसुदा झाला; त्यापुढे गाडी सरकली नाही.

या साखळीच्या शेवटी तंत्रज्ञ उभा असतो. त्याने बटन दाबावे, शंका काढू नये, ही भूमिका शास्त्रीय नव्हे, सरंजामी आहे. पोटाच्या एका सीटीत छातीच्या शेकडो एक्स-रेंइतके किरण शरीरात जातात, हे तो जाणतो. पण कंत्राटावर राबणाऱ्याची वरिष्ठांच्या चिठ्ठीवर प्रश्न विचारण्याची काय प्राज्ञा?

कमी तपासण्या म्हणजे गरिबाला नकार, अशी हाकाटी होईल. ती फसवी आहे. क्षयाच्या संशयिताला एक्स-रे आणि जोखमीच्या गरोदर स्त्रीला सोनोग्राफी वेळेवर मिळावी, हेही पुरावाच सांगतो. पुराव्याधिष्ठित वैद्यकाचे आद्य प्रवर्तक आर्ची कॉक्रेन हे स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा पथकात गेले होते. पुढे वेल्समधील खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे काढून त्यांनी धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचा अभ्यास केला. पुराव्याचा आग्रह ही धनिकांच्या इस्पितळातील चैन नव्हे, ती श्रमिकांची ढाल आहे.

संलग्न आरोग्य व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने चित्रण तंत्रज्ञांच्या व्यवसायाला मान्यतेची व नोंदणीची चौकट दिली. तीत आशय भरायचा, तर ग्रामीण रुग्णालयांत कायम पदे, कामाच्या वेळेत प्रशिक्षण, प्रत्येक चिठ्ठीवर तपासणीचे लेखी कारण आणि कारणावाचून आलेली चिठ्ठी खुलाशासाठी परत पाठविण्याचा तंत्रज्ञाचा अधिकार, या मागण्या कार्यकर्त्यांनी हाती घेतल्या पाहिजेत. पुरावा नियतकालिकात छापून आल्याने भागत नाही. तो अमलात आणू पाहणाऱ्याच्या पाठीशी संघटना उभी राहावी लागते.