प्वेब्लो गावांचा चौक आणि अनुदानाचे रकाने

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात प्वेब्लो इंडियनांची १९ गावे आहेत. यांपैकी एखाद्या गावासाठी सार्वजनिक व धार्मिक समारंभांची वास्तू उभारावयाची झाल्यास वास्तुशिल्पज्ञापुढे विलक्षण पेच पडतो. समारंभांचे केंद्र असलेल्या ‘किवा’ नामक दालनात काय चालते, हे परक्याला सांगितले जात नाही; आणि अनुदान देणाऱ्या यंत्रणेला तर प्रत्येक खोलीचा उपयोग लेखी हवा असतो. या मौनामागे इतिहास आहे. सतराव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशकांनी किवांवर छापे घालून मुखवटे जाळले होते. १६८० च्या उठावाने स्पॅनिश सत्ता १२ वर्षे हद्दपार झाली, ती उगीच नव्हे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र मातीचा प्रश्न अधिक उद्बोधक वाटतो. येथील भिंती कच्च्या विटांच्या. त्यांना वरचेवर मातीचा गिलावा द्यावा लागतो. सिमेंट वापरल्यास ही मजुरी वाचते, असे अंदाजपत्रक म्हणते. रांचोस दे ताओस येथील जुन्या चर्चला (ते प्वेब्लोंचे नाही, पण बांधणी त्याच मातीची) १९६७ मध्ये सिमेंटचा गिलावा दिला गेला. आत ओल कोंडली, भिंती खराब होऊ लागल्या आणि १९७९ मध्ये तो काढून पुन्हा माती लिंपावी लागली. आजही गावकरी दरवर्षी एकत्र येऊन लिंपण करतात. सारवलेल्या घरात वाढलेल्या आपल्या वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. या एकत्र येण्याचे मोल जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यात मांडावे?

ओहके ओविंगे या गावाचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. सरकारी गृहनिर्माण योजनांतून गावठाणाबाहेर सुटी घरे बांधली गेली. लोक तिकडे गेले आणि चौकाभोवतीची जुनी घरे ओस पडली. शेकडो घरांपैकी जेमतेम ६० उरली. नृत्यसमारंभ होतात ते याच चौकात. म्हणजे घरांची योजना आखताना, नकळत का होईना, समारंभाच्या जागेलाच हात लागला. पुढे १९९६ च्या कायद्याने गृहनिर्माणाचा निधी ठोक रकमेने जमातींच्या हाती आला आणि जमातीच्याच गृहनिर्माण संस्थेने या घरांचा जीर्णोद्धार आरंभिला. नवे सभागृह बांधण्यापेक्षा हे काम अवघड, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचे होते.

निधी देणाऱ्यांनी यापुढे एवढे करावे: हिशेब चोख मागावा, पण किवाच्या उपयोगाचा रकाना कोरा आला तर अर्ज परत धाडू नये.