बिल येते मागाहून

कोथिंबिरीची जुडी घेतानाही आपण आधी भाव विचारतो. जगातल्या एका अतिश्रीमंत देशात मात्र माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा होतो तो नेमका भाव ठाऊक नसताना. बिल मागाहून येते, आणि एक नव्हे! रुग्णालयाचे वेगळे, सर्जनचे वेगळे, भूलतज्ज्ञाचे आणखी वेगळे.

अमेरिकेत पैशांची टंचाई नाही. २०२३ साली तिथे आरोग्यावर माणशी १४,५०० डॉलरहून अधिक खर्च झाला. गोम आहे ती व्यवस्थेत. विमा कंपनी ठरावीक डॉक्टरांशी आणि रुग्णालयांशी दरांचे करार करते. ते तिचे 'नेटवर्क'. रुग्ण चौकशी करून नेटवर्कमधले रुग्णालय निवडतो, पण तिथला भूलतज्ज्ञ नेमका नेटवर्कबाहेरचा निघतो. कंपनी आपल्या हिशेबाने पैसे देई आणि उरलेली रक्कम रुग्णाच्या माथी येई. गुंगीत चाललेल्या माणसाने 'तुमचा करार कोणाशी?' हे विचारायचे तरी केव्हा?

ही चाल रोखणारा केंद्रीय कायदा २०२० च्या डिसेंबरात झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. तातडीच्या उपचारांत आणि अशा भूलतज्ज्ञाच्या बाबतीत विमाधारकाला आता संरक्षण आहे. विमा नसलेल्याला नियोजित उपचाराच्या खर्चाचा अंदाज लेखी मिळू शकतो. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक फुगले तर दादही मागता येते. पण रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका या कायद्याबाहेरच राहिली. छातीत कळ आलेल्या माणसाने आधी फोन करावा की हिशेब?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी आपल्याकडचे किती आईवडील न्यू जर्सी, कॅलिफोर्निया गाठतात! पासष्टी उलटली तरी पाहुण्यांना तिथली वृद्धांची सरकारी 'मेडिकेअर' योजना लागू होत नाही. प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात, कित्येकदा प्रत्येक उपचाराला रकमेची मर्यादाही असते. डिंकाच्या लाडवांचे वजन आपण दोनदा करतो. पॉलिसी एकदा तरी वाचावी.

मला विचाराल तर उपचार महाग असणे एक वेळ समजू शकते. पण किंमत झाकून ठेवून अडलेल्याकडून ती वसूल करणे, याला व्यापारही म्हणता येणार नाही. मग सेवा म्हणणे तर दूरच.