तालुका वार्ताहर ती

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, विधान परिषदेत पोचला आणि सरकारी समिती बीडला आली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. इतकं मोठं दुखणं गावोगाव असताना त्याची बातमी व्हायला इतका उशीर का लागला? ऊसतोडीच्या कोपीतली (झोपडीतली) बाई पाळीचं दुखणं पुरुष वार्ताहराला कसं सांगणार? म्हणून केज, धारूर, वडवणीच्या मुली बातमीदारीत हव्यात. (पत्रकार परिषदेत हारतुरे द्यायला नव्हे!) वडिलांमागे लेकानं चालवलेला पेपर आपल्याला नवा नाही, पण पतीच्या निधनानंतर तानूबाई बिर्जे ‘दीनबंधू’च्या संपादक झाल्या, त्याला शतक उलटलं तरी तालुक्याच्या पत्रकार कक्षात मुलगी दिसली की माना वळतात. कौतुक पुष्कळ होतं, पैसे मात्र जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंकासाठी दुकानं पालथी घालायची, रात्री अपघातस्थळी पोचायचं आणि पेट्रोल घरचं. संपादकहो, येत्या महिला दिनाची पुरवणी राहू द्या. एका मुलीला ठरलेलं मानधन, ओळखपत्र आणि आरोग्य-गुन्हे यांची बीट द्या.