ट्रॅक्टर हवा, पण आपल्या शिवाराच्या मापाचा

भाताची मळणी उरकली, ऊस कारखान्याला गेला की आपल्या खानापूर व बेळगाव तालुक्यांतील घराघरांत एकच विषय निघतो. बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही. नांगर धरणारा गडी मिळत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन चिखलणीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात असतो. तेव्हा आपलाच एक लहान ट्रॅक्टर घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे या विचाराला अधिकच जोर चढला आहे.

धर्मगुरूने ट्रॅक्टरविषयी कशासाठी लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. हप्ते थकले म्हणजे घरातील भांडणे आमच्या दाराशी येतात, आणि ट्रॅक्टर उलटला म्हणजे अंत्यविधीला आम्हांलाच उभे राहावे लागते. या दोन्ही गोष्टी खरेदीच्या दिवशीच बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्याचे काम अर्धवट राहते व लोक त्याला हसतात. ट्रॅक्टरालाही हा दाखला तंतोतंत लागू पडतो.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. पाच एकरांच्या आतील घराने एकट्याने, कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ नये. घ्यावयाचाच तर चार-पाच घरांनी मिळून लहान ट्रॅक्टर घ्यावा. आणि पैशाची ओढाताण झाली तर एखादे अवजार कमी करावे, पण जीव वाचविणारे साहित्य कमी करू नये.

आधी काम मोजा

ट्रॅक्टरचे काम तासांत मोजतात. चार फुटी रोटाव्हेटर म्हणजे सव्वा मीटरच्या आतबाहेरची रुंदी. तासाला तीन किलोमीटर अशा बेताच्या चालीने, वळणे व एकमेकांवर येणारे पट्टे धरून, एका एकराला सुमारे पावणेदोन तास लागतात. चार एकरांच्या शेतकऱ्याने दोनदा रोटाव्हेटर मारला तरी चौदा तास होतात. त्यात कल्टिव्हेटरच्या पाळ्या, रताळ्याच्या सऱ्या, शेणखत व माल वाहून नेणे हे सारे सढळ हाताने मिळविले तरी वर्षाचे काम १०० तासांपलीकडे क्वचितच जाते.

आता पैशांचा हिशेब पाहा. समजा, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर व लहान ट्रेलर मिळून ६ लाख रुपये लागले, आणि दहा वर्षांनी त्याचे २ लाख आले. म्हणजे दरसाल ४० हजारांची घट. दहा टक्के दराने सरासरी व्याज धरा आणखी ४० हजार. विमा, तेलपाणी व दुरुस्ती २० हजार. वर्षाचे १ लाख झाले. १०० तासांनी भागले तर तासाला १,००० रुपये, आणि डिझेल व चालकाची मजुरी अजून निराळीच! आपल्या गावात भाड्याचा दर काय आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहावेत.

‘पण भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही’ ही तक्रार मात्र खरी आहे. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. रोप वाढून गेले म्हणजे उत्पन्न घटते, आणि ते नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नाही. म्हणून सर्वांनी कायम भाड्यावरच राहावे, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही मिळून घेण्याचे सुचवितो.

मिळून घेतल्याने काय साधते

पाच घरांची मिळून पंधरा एकर भातशेती असली, तर एकदा रोटाव्हेटर मारण्यास सव्वीस तास, दोनदा मारण्यास साडेबावन्न तास. दिवसाला आठ तास धरले तर सहा-सात दिवसांत पाचही घरांचे काम पुरे होते. एवढा आठवडा मृग आपल्याला बहुधा देतोच. वर्षाचे मिळून ५०० तास काम झाले तर वरचाच १ लाखाचा खर्च तासाला २०० रुपयांवर येतो. दुरुस्ती थोडी वाढेल, तरीही फरक मोठाच राहतो.

यावर लोक म्हणतात, ‘फादर, भावाभावांत बांधावरून जमत नाही, तिथे ट्रॅक्टरवरून काय जमणार?’ ही शंका योग्य आहे. यंत्र सामायिक असले की बहुतेक भांडणे तोंडी व्यवहारातून निघतात. म्हणून पहिल्याच दिवशी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. पाळीचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा व दरवर्षी पुढे सरकवावा. तासमापकाचा आकडा प्रत्येक कामाआधी व नंतर वहीत लिहावा. तासामागे ठरलेली रक्कम दुरुस्तीच्या खात्यात भरावी, मग तो सभासद सख्खा भाऊ का असेना. चालविण्यास शिकलेली एक-दोन माणसे नेमावीत. आणि एखाद्याला बाहेर पडावयाचे असल्यास त्याचा वाटा कोणत्या हिशेबाने द्यावा, तेही आधीच ठरवावे. जेथे असे जमण्यासारखे नसेल तेथे कर्नाटकात होबळी पातळीवर उभी केलेली ‘कृषी यंत्रधारे’ ही भाडेकेंद्रे आहेत, त्यांची माहिती घ्यावी. अनुदानाची चौकशी रयत संपर्क केंद्रात करावी, आणि मंजुरीचा कागद हाती येण्याआधी कोणाच्या शब्दावर पैसे भरू नयेत.

अश्वशक्ती किती असावी

शेजाऱ्याने पन्नास अश्वशक्तीचा आणला म्हणून आपणही तोच आणावा, यासारखी खर्चिक ईर्ष्या दुसरी नाही. सोयरीक जमविताना दारातील ट्रॅक्टर पाहतात, हेही आम्ही जाणतो. परंतु दहा गुंठ्यांच्या खाचरात मोठा ट्रॅक्टर वळविण्यातच निम्मा वेळ जातो, कोपरे राहतात, आणि ओल्या जमिनीत त्याच्या वजनाने खालचा थर दाबला जाऊन पाण्याचा निचरा बिघडतो.

उसाच्या रुंद सरीतील आंतरमशागत, फळबागेतील फवारणी व हलकी वाहतूक एवढेच काम असेल तर १५ ते १८ अश्वशक्ती पुरते. महिंद्राचा युवराज २१५ हा या गटातला आहे. खानापूरकडील पावसाच्या पट्ट्यात चिखलणी करावयाची असेल तर २१ ते २७ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर बरा. महिंद्रा जिवो किंवा कुबोटा निओस्टार या मालिकांत असे ट्रॅक्टर मिळतात. चिखलात दोन चाकांची ओढ असलेला हलका ट्रॅक्टर जागीच फिरत राहतो. खाचरे फारच लहान व पायऱ्यापायऱ्यांची असतील तर ट्रॅक्टरचा नादच सोडावा. तेथे पॉवर टिलर अधिक कामाचा.

विक्रेता जी अश्वशक्ती सांगतो ती इंजिनाची असते. रोटाव्हेटर फिरविणाऱ्या मागील दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, त्याहून कमी शक्ती पोहोचते, आणि आपल्याला उपयोग तिचा. हा आकडा मागून घ्यावा. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिचा चाचणी अहवाल दाखवा, असे विक्रेत्याला निःसंकोचपणे सांगावे. आणि ट्रॅक्टर दुकानाच्या फरशीवर न पाहता आपल्या शेतात, आपल्याच चिखलात चालवून पाहावा. सुटे भाग बेळगावात मिळतात काय व मिस्त्री किती तासांत येतो, हे त्या कंपनीचा ट्रॅक्टर आधीच वापरणाऱ्या दोघांना तरी विचारावे.

अवजारे: कोणती घ्यावी, कोणती भाड्याने आणावी

अवजारांवाचून ट्रॅक्टर म्हणजे बैलांवाचून जू. तरी सारी अवजारे एकदम घेण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी कल्टिव्हेटर, चार फुटांपर्यंतचा रोटाव्हेटर आणि चिखलणीची लोखंडी चाके एवढ्यावर भागते. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर पुष्कळ झाला. रताळी, बटाटा वा ऊस असेल तर सरी पाडण्याचा रिझर घ्यावा. तो स्वस्त आहे व वर्षानुवर्षे टिकतो. ट्रेलर दुसऱ्या वर्षी घ्यावा. खोल नांगरट वर्षातून एकदाच लागते, ती मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्यावी. लहान ट्रॅक्टरला मोठा पलटी नांगर जोडला की पुढची चाके उचलतात, सुकाणू हाती राहत नाही, आणि इंजिनही लवकर थकते.

जुने अवजार स्वस्तात मिळते म्हणून घेण्यापूर्वी त्याची जोडणी तपासावी. अनेक लहान ट्रॅक्टरांची मागील तीन सांध्यांची जोडणी अरुंद असते व मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार तिला बसत नाही. रोटाव्हेटरविषयी आणखी एक सूचना. तो माती पिठासारखी करतो म्हणून दर हंगामात तोच फिरवू नये. त्याची पाती वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरली की त्याखाली कठीण थर तयार होतो. येळ्ळूर, शहापूरच्या काळ्या शिवारात भातानंतर मसूर वा वाटाणा घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुळे त्या थरापाशीच अडली तर ओल असूनही पीक सुकते.

शरीर आणि जीव

आता सर्वांत महत्त्वाचे. खरेदीच्या यादीत बहुतेक जण हे शेवटी लिहितात, किंवा लिहीतच नाहीत.

पहिली वस्तू, चालकाच्या मागे बसविलेली भक्कम लोखंडी कमान व तिच्याबरोबरचा पट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी ही कमान चालकाभोवती जागा राखते. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली, आणि पुढील दशकांत तेथील उलटून होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडे लहान ट्रॅक्टरवर ती असेलच असे नाही. किंमत ठरविताना ती मागून घ्यावी. कमान असली तर पट्टा बांधावा. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्ट्याने स्वतःला जखडून घेऊ नये. साधी छत्री म्हणजे कमान नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी वस्तू, पीटीओच्या दांड्यावरील आवरण. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पंचाचे टोक, लुगड्याचा पदर किंवा ओढणी त्यात सापडली तर एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. माणसाला ओरडण्यासही अवसर मिळत नाही. आवरण फुटले तर त्याच दिवशी बदलावे. दांडा फिरत असताना कोणी जवळ जाऊ नये, आणि गवत अडकल्यास इंजिन बंद करूनच खाली उतरावे.

बाकीचे नियम पैशांवाचून पाळता येण्याजोगे आहेत. बांध जितका खोल असेल, कडेपासून निदान तितके अंतर राखावे. ओढावयाचे ओझे खालच्या ओढदांड्यालाच जोडावे. वरच्या जोडणीला साखळी बांधून रुतलेली गाडी ओढली तर ट्रॅक्टर मागे पालथा होतो, आणि सावरण्यास एक सेकंदही मिळत नाही. चाकावरच्या पत्र्यावर मुलांना बसवू नये. ट्रॉलीत माणसे भरून लग्नाला किंवा सणाला नेण्यास कायद्याची परवानगी नाही. आमच्या चर्चच्या सणालाही कोणी तसे येऊ नये, असे आम्ही निक्षून सांगतो.

दिवसभराच्या हादऱ्यांनी कंबर धरते, म्हणून चांगली आसनव्यवस्था ही चैन नव्हे. दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर तो आवाज कानांस अपाय करणारा आहे, असे समजावे व कानांत बोळे घालावेत. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही.

शेवटी

१५ मे रोजी आपण शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिडोर यांचा सण पाळतो. १६२२ साली आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच बरोबर त्यांना संतपद मिळाले. माद्रिदजवळ ते आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरीत राहिले. ज्याच्या दारात स्वतःचे औत नाही त्याची पत कमी, असे मानणाऱ्यांनी या संताकडे एकवार पाहावे.

त्या सणापूर्वी प्रत्येक शेतकरी घराने एका कागदावर आपले एकर, कामाचे तास, भाड्याचा खर्च आणि झेपेल तो हप्ता लिहून काढावा. मग तो कागद शेजारच्या चार घरांच्या कागदांशी जोडून पाहावा. कोणी एकत्र येत असतील तर कराराचा मसुदा लिहून देण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. नवा ट्रॅक्टर चर्चसमोर आला म्हणजे आम्ही आनंदाने त्यावर तीर्थ शिंपडू. मात्र त्याआधी कमान व आवरण जागेवर आहे की नाही, हे अवश्य पाहू.