मुलांचे पुढे काय? : अँटेनाचा अभियंता



जुन्नर तालुक्यात खोडदच्या शिवारात 45 मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. खोडद व आसपासच्या गावांत मिळून त्या 30 आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली.

या तबकड्यांना पत्रा नाही, तारेची जाळी आहे. असे का? येथे टिपायच्या लहरींची लांबी सुमारे 21 सेंटिमीटर व त्याहून जास्त. जाळीची भोके त्यापुढे अगदी बारीक. त्यामुळे लहर निसटत नाही, वारा मात्र आरपार जातो. सांगाडा हलका झाला, खर्च वाचला. असा हिशेब करणारा तो अँटेना अभियंता.

हिशेबाचे मूळ सोपे आहे. 300 ला मेगाहर्ट्‌झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 150 मेगाहर्ट्‌झची लहर 2 मीटरची. साधा अँटेना तिच्या निम्मा, सुमारे 1 मीटरचा.

मोबाइलचे मनोरे, रडार, उपग्रह, सगळीकडे हे ज्ञान लागते. वाटा दोन. गणित घेऊन बारावी विज्ञान, मग इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार विषयाची पदवी. किंवा दहावीनंतर तीन वर्षांची पदविका; पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. घरी पैशांची ओढाताण असेल तर पदविकेवर आधी नोकरी धरता येते.

दोन्ही वाटांना गणित हवेच. तेव्हा सुगीला माणूस कमी पडला म्हणून हुशार मुलीची शाळा बुडवू नका. एक मजूर जास्त लावा.