'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणे' नव्हे

आपल्या मुलांना 'गिव्ह' म्हणजे देणे हे ठाऊक असते, 'अप' म्हणजे वर हेही ठाऊक असते. तरीही 'माय अंकल गेव्ह अप स्मोकिंग' हे वाक्य आले की ती अडखळतात. काकांनी काय वर दिले? खरे तर काकांनी विडी-सिगारेट सोडली. दोन सोपे शब्द एकत्र आले आणि अर्थ तिसराच झाला. इंग्रजीत अशी जोड-क्रियापदे शेकड्यांनी आहेत आणि रोजच्या बोलण्यात ती पावलोपावली येतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे एकच क्रियापद नीट पाहा. सवय किंवा काम सोडणे हा त्याचा पहिला अर्थ. येथे पुढे 'स्मोकिंग' असे 'इंग'चे रूप येते, 'टू स्मोक' येत नाही. दुसरा अर्थ हार मानणे. कोडे सुटले नाही की 'आय गिव्ह अप', म्हणजे 'हरलो बुवा, सांग उत्तर'. तिसरा अर्थ आपल्या हक्काचे दुसऱ्यासाठी सोडणे, जसे बसमध्ये आजींना जागा देणे. पुढे 'ऑन' जोडले की एखाद्यावरची आशा सोडणे. 'गिव्ह इन' मात्र वेगळे. बाळाच्या हट्टापुढे आई नमते, ते 'गिव्ह इन'. गणित सुटेना म्हणून आपण वही मिटतो, ते 'गिव्ह अप'.

आणखी एक नियम. नाम मध्ये किंवा शेवटी कोठेही चालते, पण सर्वनाम मध्येच बसते. 'गिव्ह अप इट' चूक, 'गिव्ह इट अप' बरोबर. २०१५ साली केंद्र सरकारने गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा मोहिमेचे नावच 'गिव्ह इट अप' होते. तेवढे आठवले तरी नियम विसरणार नाही.

आता माझा मुद्दा. हे सारे आपल्या मुलांना परके नाही. 'सोडून देणे' यात कोण कोणाला काय देतो? 'खाऊन टाकले' म्हणताना कोणी काही टाकत नाही, 'नको ते करून बसला' म्हणताना कोणी बसत नाही. 'वाचून घे', 'वाचून दे' आणि 'वाचून टाक' यांतला फरक पहिलीतले मूलही न शिकवता जाणते. बडोद्यातील आपली मुले तर हिंदीतले 'छोड देना' आणि गुजरातीतले 'छोडी देवुं' हेही रोज ऐकतात. इंग्रजी 'अप', 'ऑफ', 'इन' अशी अव्यये जोडते, आपण दुसरे क्रियापद जोडतो. पण छोट्याशा जोडीने अर्थ पालटण्याची ही रीत मुलांच्या कानात आधीच मुरलेली आहे. इंग्रजीच्या तासाला तिचा उपयोग का करू नये?

काहीजण म्हणतील, भाषांतराची सवय लागली की इंग्रजी अडखळते. शब्दाला शब्द ठेवला तर तसे होतेच, 'वर देणे' हे त्याचेच फळ. पण पूर्ण वाक्याचा अर्थ मराठीत स्वच्छ सांगता आला, तर तो मनात पक्का बसतो. अर्थ न कळता पन्नास क्रियापदांची यादी घोकण्यापेक्षा, वहीत रोज एक इंग्रजी वाक्य आणि शेजारी त्याच अर्थाचे घरगुती मराठी वाक्य लिहिणे केव्हाही चांगले.

यासाठी फार खर्च नको. शिक्षकांनी अर्थ समजावताना मराठीला मज्जाव करू नये. विश्वस्त मंडळाने प्रत्येक वर्गात एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवावा. मुलांनी त्यात 'गिव्ह'खाली 'गिव्ह अप' शोधायला शिकावे.

पालकांना एकच विनंती. मुलाचे इंग्रजी कच्चे राहील या धास्तीने काही घरांत मराठी बोलणेच बंद होते. त्याने मुलाच्या हातची शिडी तेवढी जाते. ज्याला 'सोडले' आणि 'सोडून दिले' यांतला फरक कळतो, त्याला 'गिव्ह' आणि 'गिव्ह अप' यांतला फरक समजावणे सोपे असते. इंग्रजी येण्यासाठी मराठी 'गिव्ह अप' करावी लागत नाही.