पाकिटाच्या मागे काय लिहिलंय?

पाकीट हातात आलं की ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना घरातूनच लागलेली असते. जिलेटिन आहे का, चरबी कसली, हा नंबर कशाचा. मला ही सवय कधी ओझं वाटली नाही. आणि गेली काही वर्षं तर माझ्या मित्रमंडळींत ती एका खेळाचा भाग झाली आहे. त्या खेळातून जे दिसलं ते आपल्या वयाच्या वाचकांपुढे ठेवावंसं वाटतं.

खेळ साधा आहे. इंजिनिअरिंगला एकत्र असलेले आम्ही सात जण पुण्यात नोकरी करतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुणा एकाच्या घरी जमतो. प्रत्येकाने खाण्याचं असं एक पाकीट आणायचं, जे बाकीच्या सहांनी कधी चाखलेलं नाही. कुणी ऑनसाइटहून येताना विमानतळावर घेतं, कुणी मॉलमधल्या कोरियन पदार्थांच्या कपाटातून, कुणी गावच्या उरुसातून. आणणाऱ्याने मागचा मजकूर मोठ्याने वाचायचा, मग पाकीट फोडायचं, मग ज्याला हवं त्याने खाऊन दहापैकी गुण द्यायचे. वाचल्याशिवाय फोडायचं नाही हा नियम माझ्यामुळे आलेला नाही. आमच्यातल्या एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि एकदा त्याच्या ओठांना सूज आली होती. तेव्हापासून वाचन सक्तीचं झालं.

आतापर्यंत बरंच काही पोटात गेलं. वसाबीची किटकॅट बरी निघाली. ड्युरियनच्या गोळीमुळे खोलीची खिडकी उघडावी लागली. पण सगळ्यात लक्षात राहिली ती फिनलंडहून आलेली सल्मियाक्की. दिसायला काळी, चौकोनी गोळी. मित्राने फोनवर भाषांतर करून वाचलं: ज्येष्ठमध, साखर, अमोनियम क्लोराइड. मी म्हटलं, थांब, अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर. आमच्या सोलापूरच्या गल्लीत कल्हईवाले यायचे. भांडं भट्टीवर लालबुंद तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं. तो धूर नाकातून घशात उतरायचा. दादी आम्हाला लांब बसवायची आणि आम्ही पुन्हा जवळ सरकायचो. गोळी तोंडात टाकली आणि तोच धूर जिभेवर आला. खारट, झोंबणारा, मागून ज्येष्ठमधाचा गोडवा. बाकीच्यांनी थुंकून टाकली. मी नऊ गुण दिले. फिनलंड आणि नेदरलँड्समध्ये लोक हे हौसेने खातात, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कल्हईचं काम करणाऱ्या मुस्लिम कुटुंबांच्या फुप्फुसात तेच गेलं, हा विचार मात्र त्या दिवशी मी कुणाला बोलून दाखवला नाही.

मुद्दा या वाचनाचा आहे. सात जणांत आम्ही दोघं मुसलमान. दुसरा दापोलीकडचा कोकणी. एक मैत्रीण जैन, एक जण माळकरी घरातला, बाकी तिघं सगळं खाणारे. एकदा सुकवलेल्या माकुलाचं जपानी पाकीट निघालं. सगळ्यांच्या नजरा आम्हा दोघांकडे वळल्या. कोकणी मित्राने बिनदिक्कत खाल्लं, मी नको म्हटलं. मग झाली पंचाईत. 'अरे, तुमच्यात नक्की चालतं की नाही?' कोकणातले मुसलमान शाफई, समुद्रातलं जवळपास सगळं त्यांना हलाल. आमच्या घरी हनफी रिवाज, त्यात मासा चालतो, माकुल आणि खेकडा नाही, आणि कोळंबीवर तर उलेमांतही दोन मतं. हे मी सांगितलं तेव्हा मित्रांना आश्चर्य वाटलं. खरं सांगायचं तर आपल्यातल्या अनेकांनाही वाटेल. 'मुस्लिमांना चालतं' असं एकच एक खानं कुठे नाहीच.

पुढच्या वेळी थायलंडहून तळलेले टोळ आले. या वेळी सगळ्यांनी गृहीत धरलं की आम्ही दोघं नाही म्हणणार. पण टोळाला चारही मजहबांत मुभा आहे, हदीसमध्ये मेलेला मासा आणि मेलेला टोळ हे दोन्ही हलाल सांगितले आहेत. दोघांनीही खाल्ले. चव भाजलेल्या सुकटीसारखी, पाय मात्र दातांत अडकतात. या टोळाचं इंग्रजी नाव 'बॉम्बे लोकस्ट' आहे हे कळल्यावर मुंबईहून आलेल्या मित्राने उगाचच मान ताठ केली. जैन मैत्रीण म्हणाली, 'तुमची यादी मांसापासून सुरू होते, माझी बटाट्यापासून. मला कोण विचारतं?' तेव्हापासून तिच्या वतीनेही कुणी काही ठरवत नाही.

आता ते नंबर. आपल्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी एक यादी येते. ई 631 म्हणजे डुकराची चरबी, अमुक चिप्स हराम, पुढे पाठवा. हा नंबर डायसोडियम इनोसिनेटचा. चव खुलवायला घालतात, आणि ती चरबी नव्हेच. ते मांसापासून काढता येतं, माशापासून काढता येतं आणि टॅपिओकाच्या स्टार्चला आंबवूनही तयार होतं. नंबर फक्त पदार्थ कोणता ते सांगतो, तो कुठून आला ते सांगत नाही. गंमत अशी की हाच नंबर शाकाहारी हिंदूंच्या ग्रुपवरही तितक्याच भीतीने फिरतो. 2021च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पदार्थातला प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण कितीही कमी असलं तरी, वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड केलंच पाहिजे. त्या प्रकरणात ई 631चाही ऊहापोह झाला. आणि याचिका कुणाची होती? गोरक्षणासाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टची. म्हणजे ज्या माहितीची गरज माझ्या अम्मीला होती, ती मागायला कोर्टात ते गेले. मला यात विनोद कमी आणि आशा जास्त दिसते.

आपल्याकडे हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह आहे. पूर्वी तेही ठिपक्याचंच असे, आता त्रिकोण आहे. हिरवा असेल तर दूध, मध यांसारखे अपवाद सोडले तर प्राण्याचं काही नाही. पण तो मद्यार्काबद्दल काही बोलत नाही, हे आपल्यातल्या ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी ध्यानात ठेवावं. आणि बॅगेतून आलेल्या परदेशी पाकिटावर यातलं काहीच नसतं, तिथे फोनचा कॅमेरा आणि आपली अक्कल.

एक पाकीट माझ्या कायम लक्षात राहील. माळकरी घरातला मित्र क्वालालंपूरला गेला होता. तिथून माझ्यासाठी मार्शमेलो घेऊन आला. एरवी मी मार्शमेलो खात नाही, कारण त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं, हे त्याला ठाऊक होतं. 'या वेळी खास तुझ्यासाठी, बघ, हलालचा शिक्का आहे.' नियमाप्रमाणे तो वाचायला लागला आणि जिलेटिनपाशी थांबला. गुरांचं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही. पाकीट फोडलं नाही. कुणी काही चुकीचं केलं नव्हतं, कुणी रागावलंही नाही. पण ते पाकीट कुणाच्या बॅगेतून घरी न्यायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती खाण्याची नव्हती. शेवटी तोच म्हणाला, 'माझ्या बॅगेत राहू दे. मला कोण तपासतंय?'

2024च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत इगतपुरीजवळ एका वयस्क मुस्लिम प्रवाशाला गोमांस नेत असल्याच्या संशयावरून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. बरणीत काय आहे, हाच प्रश्न त्यांनीही विचारला होता. शब्द तेच, जे आमच्या शनिवारच्या बैठकीत रोज हसतखेळत विचारले जातात. म्हणून मला वाटतं, 'यात काय आहे' हे विचारायचा हक्क त्यालाच, ज्याच्या तोंडात तो घास जाणार आहे. दुसऱ्याच्या डब्यात डोकावून तोच प्रश्न विचारला की ती झडती होते.

या नजरेने पाहिलं तर उत्तर प्रदेश सरकारचा नोव्हेंबर 2023चा निर्णयही वेगळा दिसतो. हलाल प्रमाणपत्राच्या पदार्थांचं उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर तिथे बंदी आली, निर्यातीला मात्र सूट. परदेशातल्या गिऱ्हाइकाला माहिती मिळावी, लखनऊच्या गिऱ्हाइकाला नको. आता, शेवेच्या पाकिटावर किंवा पाण्याच्या बाटलीवर हलालचा शिक्का मला स्वतःला हास्यास्पद वाटतो, आणि त्याची फी शेवटी आपल्याच खिशातून जाते. त्यावर आपण आपसात जरूर बोलावं. पण नको त्या शिक्क्याचा इलाज हवी ती माहितीही पुसून टाकणं हा नव्हे.

डोकावणारे फक्त बाहेरचे असतात असंही नाही. मी टोळ खाल्ल्याचा फोटो बघून नात्यातल्या एका चाचांचा फोन आला. टोळाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. 'पण त्यांच्या घरी, त्यांच्या ताटात कशाला? शंका असेल तिथून दूर राहावं.' शंकास्पद गोष्ट टाळावी ही शिकवण मी मानतो, माकुल मी त्यामुळेच नाकारलं. पण पाकिटाबद्दलची शंका माणसाच्या घराला कशी चिकटवायची? नको म्हणायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद टाळण्यासाठी आपली कितीतरी मुलं-मुली ऑफिसच्या पार्टीला, मित्राच्या वाढदिवसाला जातच नाहीत, आणि हळूहळू त्यांना बोलावणंही बंद होतं. मुलींच्या बाबतीत तर खाण्याचं कारण पुढे केलं जातं आणि खरं कारण मागे राहतं, हे सगळ्यांना माहीत असूनही.

मित्रांची काळजीही कधी कधी जाच होते. ऑफिसात एकाने मला न विचारता केक परत पाठवला, 'यात अंडं आहे, तुला चालणार नाही ना?' अंडं! त्याच्या मनात मी कुठल्या रकान्यात होतो कोण जाणे. मी हसून दुसरा तुकडा मागितला, पण तोवर केक रिसेप्शनला गेला होता. अशा वेळी रुसू नये, सांगावं: मला विचार, मीच सांगेन. ज्या मित्राला आपण हे एकदा नीट सांगतो तो पुन्हा आपल्या वतीने ठरवत नाही, आणि दुसऱ्या कुणी ठरवायला लागला तर त्याला अडवतो. आमच्या सातांत हे व्हायला वर्ष गेलं असेल.

आता अडचण जागेची आहे. कोकणी मित्राने नुकतंच घर बदललं. पाच घरमालकांनी आडनाव ऐकून नकार दिल्यावर सहावं मिळालं, तेही 'नॉनव्हेज आणायचं नाही' या अटीवर. म्हणजे सुकट खाऊन वाढलेल्या माणसाच्या घरी आता आमचं माकुल फुटणार नाही. त्याची पाळी आली की आम्ही फक्त हिरव्या ठिपक्याची पाकिटं नेतो. बिचारा दर वेळी ओशाळतो, आणि आम्ही दर वेळी त्याच्या मालकाच्या नावाने सल्मियाक्कीची एक गोळी बाजूला ठेवतो.

पुढच्या महिन्यात जैन मैत्रिणीकडे. तिचा निरोप आला आहे: कांदा, लसूण, बटाटा, मध काही नको, आणि तरी आधी कुणी न खाल्लेलं हवं. दोन शनिवार कॅम्पातली दुकानं धुंडाळून झाली, अजून काही सापडलं नाही. केळफुलाचे चिप्स कुठे मिळतात का, कुणाला माहीत असेल तर सांगा.